चाकं जमिनीवर

"आधी ती गाडी खाली उतरव," ड्रायव्हर ओरडला. "टांगून ठेवलेला माणूस लंगडतो का कधी?"

ट्रकची पुढची चाकं जॅकवर हातभर उंच तरंगत होती. मिस्त्रीने एकेक चाक गदागदा हलवून पाहिलं होतं. काही नाही. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा हाच तमाशा. दर वेळी मिस्त्रीने चाकं उचलायची, हलवायची, 'काही नाही' म्हणायचं आणि स्टिअरिंगचे धक्के खाणारा डॅम्पर नवा घालून द्यायचा. आठ दिवस गाडी गुणी बाळ. मग वेग साठच्या वर गेला आणि एखादा खड्डा लागला, की पुढचा अख्खा ॲक्सल थयथयाट करायचा. स्टिअरिंग असे हिसडे मारायचं की मनगटं उखडून येतील. ब्रेक दाबत दाबत गाडी पार थांबवावी, तेव्हा कुठे ते भूत उतरायचं.

"काका, गाडीत काही नाही," मिस्त्री म्हणाला आणि त्याने हळूच ड्रायव्हरच्या हातांकडे पाहिलं.

तिथेच ड्रायव्हरचं डोकं फिरलं. हातांकडे पाहणारा हा काही एकटा नव्हता. घरी सून हल्ली चहाचा कप हातात न देता समोर ठेवायची. मुलगा तर गावातल्या गावात चाळीसच्या वेगाने गाडी फिरवून आला आणि म्हणाला, "बाबा, मला तर काही जाणवलं नाही." परवापासून किल्ली त्याच्याच खिशात होती. आज मिस्त्रीला काही सापडलं नाही तर उद्यापासून ट्रकवर दुसरा ड्रायव्हर, आणि याने घरी बसायचं. चाळीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाने खिडकीत बसून रस्ता बघायचा!

"हात बघायचेत? घे, बघ!" त्याने दोन्ही पंजे मिस्त्रीच्या नाकासमोर धरले. एक बोट हललं नाही. "आता माझं ऐक. चाकं जमिनीवर टेकव. इंजिन चालू राहू दे. हे आमचे चिरंजीव वर बसून स्टिअरिंग हलवतील, मी लांब उभा राहतो. म्हणजे पुन्हा माझ्या हातांचं नाव निघायला नको. आणि तू खाली झोप."

"चालू गाडीखाली?"

"ठोकळे लाव की चाकांना! एवढा वीस वर्षांचा मिस्त्री तू, हे पण मीच सांगू?"

मिस्त्री कुरकुरत खाली सरकला. मुलगा इस्त्रीचा शर्ट सांभाळत वर चढला आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवू लागला.

"थांबा," खालून आवाज आला. मग जरा वेळाने, "पुन्हा फिरवा. अजून एकदा... आयला!"

ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक दांडा असतो. त्याचा बोल्ट भोकातल्या भोकात नाचत होता. चाकं उचलली की दांड्यावर जोरच येत नाही, मग बोल्ट आपला साळसूद.

"हात म्हणे माझे!" ड्रायव्हरला आता आवरेना. "तीन महिने! घरात, दारात, जो तो माझे हात बघतोय! मी काय बोंबलत होतो? गाडीत खोट आहे, गाडीत खोट आहे! पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण?"

मुलगा इंजिन बंद करून खाली उतरला. मान खाली.

"या, बघा," मिस्त्रीने बॅटरी मारली. त्याचाही पारा चढला होता. "बोल्टच बारीक घातलाय. खेळून खेळून भोक अंड्यासारखं लांबट झालंय. वाटेत अडलं तर घालतात असा, मान्य. पण नंतर बदलायला नको? आणि हा मनुष्य नटाला वायर गुंडाळून चक्क विसरून गेला! असल्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नये."

"जोड्याने मारला पाहिजे मेल्याला," ड्रायव्हर मनापासून म्हणाला आणि खाली वाकला.

वायरचे तीन वेढे होते. टोक आत वळवून दाबलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. तसं दाबायला ड्रायव्हरला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं, कानाखाली वाजवून. दुसऱ्या कुणाला तसं करताना त्याने आजवर पाहिलं नव्हतं.

तो वाकलेलाच राहिला. कोणता रस्ता होता? ऊन होतं की पाऊस? बोल्ट मागून घेतला तो कुणाकडून? काही म्हणजे काही आठवेना. स्वतःचाच भयंकर राग आला त्याला, आणि मग भीती वाटली.

"कोणाचं हे काम?" मिस्त्रीने विचारलं.

मुलगाही शेजारी वाकून पाहत होता. त्या वायरच्या टोकाकडे त्याने पाहिलं, मग बापाकडे.

"माझं," तो म्हणाला.

"तुमचं?" मिस्त्रीने कपाळावर हात मारला आणि त्याला असा काही झापला की बाहेर पंक्चर काढणारासुद्धा डोकावून गेला. मुलगा निमूट ऐकत राहिला. पाना कुठल्या टोकाने धरायचा हेही ज्याला ठाऊक नाही, असा तो मुलगा.

दुपारपर्यंत मिस्त्रीने भोकाच्या दोन्ही बाजूंना जाड वॉशर वेल्ड केले, मापाचा बोल्ट घातला आणि सगळं वजन टाकून आवळला. मुलाने किल्ली बापाच्या हातावर ठेवली आणि स्वतः पलीकडच्या सीटवर जाऊन बसला.

मोठ्या रस्त्यावर साठ झाले, पासष्ट झाले. पुलाच्या तोंडाशी गाडी धाडकन आपटली. स्टिअरिंग जागचं हललं नाही.

"ठीक ना, बाबा?" मुलाने समोर बघतच विचारलं.

ड्रायव्हरने आधी पूल संपू दिला.

"गाडी ठीक आहे," तो म्हणाला.