दुसरा हेडफोन

"बाबा, दोन्ही घालून बघा! आवडंल तो ठेवू, दुसरा दुकानात वापस," असं ओरडून सांगत धम्मप्रियानं चालू गिरणीतच बापाच्या कानांवर हेडफोन चढवला.

भोकरच्या त्या गिरणीत अर्धा जन्म घालवलेला संघपाल लेकरासारखा हरखला होता. पहिल्या हेडफोननं सगळं जगच गपगार झालं. दुसरा घातला, तर फक्त घरघर गेली. गिरणी बंद पडली की काय म्हणून त्यानं दचकून पट्ट्याकडं बघितलं. पट्टा फिरतच होता! आणि कुठून तरी एक बारीक आवाज येत होता.

कोपऱ्यात त्याची बायको चांगुणा गिऱ्हाइकांचे डबे भरत होती. काम करताना तिचे ओठ रोजच हलायचे. आपल्यालाच शिव्या घालत असणार, असं तो लग्नापासून धरून चालला होता.

चांगुणा गात होती. मोकळ्या गळ्यानं, कुणी ऐकणारं नसल्यासारखी.

त्याची नजर वळताच ती थांबली. संशयानं ओरडली, "काई ऐकू येऊन राहिलं का?"

"काईच न्हाई!" संघपाल आनंदानं ओरडला. "धम्मा, हाच ठेव. हाच!"