खुणेची माणसं

शंभरावा माणूसही बिनखुणेचा निघाला. मासेसाहेबांनी त्याच्या डाव्या कानाची पाळी उलटून पाहिली, मग उगाच उजवीही पाहिली, आणि त्याला जाऊ दिलं. आठ दिवसांपूर्वी याच चौकात त्यांनी शंभर माणसं अडवून प्रत्येकाच्या कानावर न जाणाऱ्या शाईचा हिरवा ठिपका दिला होता. आज पुन्हा शंभर अडवली. ठिपका एकाच्याही कानावर नव्हता.

मासेसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. उभा जन्म तळ्यातले मासे मोजण्यात गेला, म्हणून लोक तसं म्हणत. तळं उपसून मासे मोजता येत नाहीत. शंभर पकडायचे, खूण करून सोडायचे, आठवड्याने पुन्हा शंभर पकडायचे. त्यांत दहा खुणेचे निघाले, तर दहांत एक खुणेचा. खुणेचे एकूण शंभर, म्हणजे तळ्यात हजार मासे. गणित सरळ आहे. आता गाव मोजायला नगरपालिकेकडे माणसं नव्हती, तेव्हा हेडक्लार्क म्हणाला, "मासे मोजता येतात तर माणसं का नाही? ती तर पाण्याबाहेरच असतात."

घाईही होती. दहा हजारांच्या आतल्या गावात प्रसूतिगृह ठेवायचं नाही, असा वरून हुकूम आला होता. गावात फार तर नऊ हजार माणसं असतील, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि प्रसूतिगृहाची मुख्य परिचारिका ही मासेसाहेबांची थोरली बहीण. सहा खाटा, एक गळका नळ, आणि तीस वर्षांत ताईच्या हातांवर जन्मलेलं निम्मं गाव. पुढचं प्रसूतिगृह तीन तासांच्या वाटेवर होतं. बाळं तीन तास थांबत नाहीत. ताईचा जीव टांगणीला लागला होता.

मासेसाहेब चौकातून थेट तिच्याकडे निघाले. मागच्या गल्लीत शिरले, तर तिथे ही गर्दी. न्हावी, शिंपी, पोस्टमन, दोन मास्तर. सगळ्यांच्या कानांवर हिरवे ठिपके.

"तुम्ही इकडून कसे?" मासेसाहेबांनी विचारलं.

"चौकात परत कोण येतंय, साहेब?" न्हावी म्हणाला. "मागच्या खेपेला अर्धा तास उन्हात उभं केलं होतंत. तेव्हापासून आमचा हाच रस्ता."

मासेसाहेबांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या तळ्यातला मासा एकदा जाळ्यात सापडला, तरी पुन्हा बिनधास्त सापडायचा. माणूस ठेच लागली की शहाणा होतो. हे त्यांच्या सूत्रात कुठेच नव्हतं.

"ताई, मोजणी फुकट गेली," ते आत जाऊन म्हणाले. "पुन्हा नीट केली, तर नऊ हजार येणार. खोटा आकडा मी लिहिणार नाही, आधीच सांगतो."

"खोटं लिही म्हटलंय कुणी?" ताई कोपरापर्यंत हात धूत होती. "आज जे आलं, ते सूत्रात घातलं की काय निघतं?"

"खुणेची माणसं जितकी कमी, तितकं गाव मोठं. इथे तर एकही नाही सापडला. म्हणजे..." मासेसाहेब अडखळले. "म्हणजे गावाला अंतच नाही."

"मग तेच लिही."

मासेसाहेबांनी लिहिलं. पहिल्या खेपेला शंभर, दुसऱ्या खेपेला शंभर, त्यांत खुणेचे शून्य. लोकसंख्या, अनंत. सही करण्याआधी त्यांनी तो आकडा दोनदा वाचून पाहिला. हेडक्लार्कने मात्र शिक्का मारला, कारण एकही रकाना रिकामा नव्हता.

पंधरा दिवसांनी वरून उत्तर आलं. तोवर ताईने कात्र्या, दुपटी, वजनकाटा, सगळं खोक्यांत भरून ठेवलं होतं. पत्र मासेसाहेबांनी वाचलं.

"आपल्या गावाची लोकसंख्या अनंत असल्याची नोंद घेण्यात आली आहे. नियमानुसार सहा खाटांना अनंताने भागले असता माणशी शून्य खाटा येतात. सबब आपल्या गावी प्रसूतिगृह अस्तित्वात नाही. जे अस्तित्वात नाही ते बंद करता येत नाही. प्रकरण निकाली काढण्यात येत आहे."

ताईने पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि घळाघळा रडली. मग आतून कुणीतरी कळवळून हाक मारली, तशी डोळे पुसत उठून गेली.

नसलेल्या प्रसूतिगृहात त्या दिवशी तीन बाळं जन्मली, त्यांतली दोन जुळी, आणि गावाची लोकसंख्या होती तेवढीच राहिली.