सीझन संपला की

एक-शून्य.

गुलमंडीवरचे पेढे. केशराचे नको, साधे.

सहा अंश, वारा, पाऊस.

डब्यावर फिका दिसलेला आणि भिंतीवर गडद निघालेला हिरवा रंग.

लांबुळका.

बिडकीनला एक भिंत.

आपण.

फोन वाजला तेव्हा तात्यासाहेब गारखेड्यातल्या घराच्या ओट्यावर हिरवी-पांढरी जर्सी घालून बसले होते. खाली पायजमा. जर्सी लेकानं, सुदर्शननं, आयर्लंडहून पाठवलेली; खांद्यात बसायची, पोटावर ताणायची. सकाळी उठून तिथलं हवामान बघायची त्यांना सवयच लागली होती. आज हवामानाच्या आधी त्यांनी रात्रीच्या सामन्याचा निकाल बघितला होता. सीझनचा शेवटचा सामना, आणि लीग जिंकलेली. पेढ्यांचा पुडा शेजारीच होता.

"सीझन संपला की येतो." दिवाळीला विचारलं तेव्हाही सुदर्शन हेच म्हणाला होता. सीझन काल संपला.

"अवो, घ्या की फोन," सारजाबाई आतून म्हणाल्या आणि पदराला हात पुसत स्वतःच बाहेर आल्या.

तिकडं गेल्यावर पहिले काही महिने लेकाचा फोन आला की "जेवला का" आणि "जेवलो" याच्यापुढं बोलणं सरकत नसे. मग तिकडच्या त्याच्या गावातल्या लहानशा फुटबॉल क्लबचे सामने सुरू झाले. "तात्या, आज आपली मॅच आहे." "तात्या, आपण पाचव्या नंबरला आलो." जन्मात कबड्डीपलीकडं काही न बघितलेले तात्यासाहेब ऑफसाइड शिकले. सारजाबाई उंच गोलकीपरला लांबुळका म्हणू लागल्या, तो पडला की चुकचुकू लागल्या. त्या गावाचं नाव दोघांच्याही जिभेवर बसत नसे, आणि अडतही नव्हतं. आपलं म्हटलं की झालं. बिडकीनच्या जमिनीलाही तात्यासाहेब अजून आपलीच म्हणत. तिथं आता कारखान्याची भिंत होती.

स्क्रीनवर आधी अंधार आणि कल्ला, मग सुदर्शनचं तोंड. तिकडं उजाडायचं होतं, पण सगळं गाव रस्त्यावर उतरलेलं. कुणीतरी त्याच्या गळ्यात हिरवा मफलर टाकला. कुणीतरी मागून मिठी मारून ओरडलं, "सुडो! सुडो!"

"कुणाला हाका मारायलेत रं?"

"मलाच, तात्या!" त्याचा घसा पार बसला होता. "जिंकलो! आम्ही जिंकलो! लीग आमची!"

"व्हय, बघितलं की." तात्यासाहेब थांबले. मग जरा जोरात म्हणाले, "लई भारी खेळलो आपण."

"बारा वर्षांनी, तात्या! बारा वर्षं वाट बघितली आम्ही!"

सुदर्शनला तिकडं जाऊन अजून दीड वर्षही झालं नव्हतं.

सारजाबाईंनी स्क्रीनपुढं मान घातली. "सीझन संपला ना आता? मंग कधी येतूस? वरच्या खोलीला तुज्या क्लबाचा रंग दिलाय बघ."

"अगं माय, आता कसं येऊ? लीग जिंकली ना, पुढच्या वर्षी आम्ही युरोपात खेळणार, मोठमोठ्या क्लबांशी!"

"युरोपात?" तात्यासाहेब म्हणाले. "मंग आत्ता कुठं हाईस?"

सुदर्शन खदखदून हसला. मागच्यांनी विचारलं, त्यानं त्यांना इंग्रजीत सांगितलं, तेही हसले. एकानं तात्यासाहेबांकडं बघून अंगठा दाखवला. तात्यासाहेबही हसले. विनोद काय झाला, ते त्यांना कळलं नव्हतं.

"ठेवतो तात्या. घरी जातो आता, लई थंडी आहे."

घरी हा शब्द ऐकून सारजाबाईंचा चेहरा क्षणभर उजळला. मग स्क्रीन विझली, आणि तोही.

ओट्यावर ऊन आलं होतं.

"आमी म्हणला व्हय त्यो?" सारजाबाईंनी विचारलं.

"नेटवर्क नीट नव्हतं."

"दर टायमाला म्हणला."

तात्यासाहेबांनी वर चढलेली जर्सी पोटावरून खाली ओढली. ती पुन्हा वर चढली. त्यांनी पुन्हा ओढली.

सारजाबाई जिना चढून गेल्या. थोड्या वेळानं वरच्या खोलीची खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. मग कडी.

समोरचे मोतीराम दुधाची पिशवी घेऊन येत होते, ते फाटकाशी थांबले. जर्सी दिसली की तात्यासाहेबांची थोडी मस्करी केल्याशिवाय ते पुढं जात नसत.

"काय तात्यासाहेब, जिंकलं का तुमचं विलायतेतलं गाव?"

तात्यासाहेबांनी उठून पुड्याची सुतळी सोडली आणि पुडा फाटकावरून पुढं केला.

"जिंकले म्हणं," ते म्हणाले. "चांगलं खेळले म्हणं ते."

सीझनचा पहिला सामना फेब्रुवारीत झाला होता, पावसात. तो आपण हरलो होतो.