तिसऱ्या भागातला खलनायक

सुपरहिरोच्या सिनेमाच्या तिसऱ्या भागाचं डबिंग अडलं होतं, कारण खलनायकाला आवाज मिळत नव्हता. आजवर गच्चीवरून पडणाऱ्या गुंडांच्या नुसत्या किंकाळ्या देत आलेल्या काकांना पहिल्यांदाच संवाद असलेलं काम मिळायची आशा होती. महिनाभर घरात गडगडाटी हसण्याचा सराव करून त्यांनी काकूंना कानात बोळे घालायला लावले होते.

माइकसमोर काका जीव तोडून गरजले. डबिंगचा दिग्दर्शक उठून आत आला.

"काका, हे जुनं झालं हो. पहिल्या भागातला खलनायक नुसते दातओठ खायचा. दुसऱ्यातल्याला स्वतःच्याच हसण्याने धाप लागायची, लोक जांभया देत होते. हा तिसरा खरा मुरलेला. आवाज चढवतच नाही. इतकं गोड बोलतो, की आपला काटा काढलाय हे समोरच्याला घरी गेल्यावर कळतं."

"मग तसं करून बघू का? एकदाच?"

दिग्दर्शकाने काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुम्ही तर घरचेच! तुमच्यासारखा आवाज शोधून सापडायचा नाही. आज दमलात, घरी जाऊन छान आराम करा. पुढच्या वेळी पहिला फोन तुम्हालाच."

काका भरून पावले. दोनदा आभार मानून हसतमुखाने बाहेर पडले.




काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "साहेब, माइक चालूच होता. खलनायक मिळाला."