फुकटच्या कामाचे तास

"शून्य," गीतानं स्क्रीनवरचा आकडा वाचला. "नोकरीचे तास शून्य. फुकटच्या कामाचेबी शून्य. मंग दिवसभर करून काय राह्यले तुमी?"

चंद्रशेखरचा चहा हातातच निवला. दुपारी गीताचे वडील, म्हणजे त्याचे सासरे हिरालालजी, लांजीहून येणार होते, खास हाच आकडा पाहायला.

भानगड अशी. हिरालालजींच्या राईस मिलचा मुनीम काम सोडून गेला होता, आणि घरी बसून कॉम्प्युटर बडवणारा जावई त्यांना आयताच दिसला. चंद्रशेखर बालाघाटच्या घरातून नागपूरच्या एका कंपनीचं काम करायचा. उरलेला वेळ एका एडिटरला द्यायचा. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर. जगभरातले हौशी लोक मिळून ते बनवतात, फुकट वाटतात आणि वर एकमेकांचे आभारही मानतात! हे ऐकून हिरालालजींनी कपाळाला हात लावला होता. शेवटी सौदा ठरला. पगाराचं काम जास्त निघालं तर मिलचा विषय बंद. फुकटचं जास्त निघालं तर जावयानं मुकाट मिलच्या गादीवर बसायचं.

मिलच्या नुसत्या नावानं चंद्रशेखरला शिंका यायच्या. पण तो बिनधास्त होता. त्याच एडिटरमध्ये वेळ मोजायची सोय होती. काम सुरू करताना एक बटण दाबायचं, थांबताना एक. तारीख, वार, वेळ आपोआप पडायची आणि शेवटी बेरीज तयार. ती बेरीज आज शून्य आली होती.

सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या. तारखा बरोबर, वेळा बरोबर. तरी एडिटर त्यांना ओळखच देईना. चंद्रशेखरनं त्याचं पोट फाडून एकेक ओळ तपासली. मधूनमधून त्याला अशा शिव्या घातल्या, की स्वयंपाकघरातून त्याची आई चंपाबाई दोनदा ओरडली. मग एकदम त्यानं आपल्याच डोक्यात टपली मारली.

वाराच्या जागी वार नव्हते, बाजार होते. या घरात सोमवार-मंगळवार कोण म्हणतो? चंपाबाईंचा प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या गावच्या आठवडी बाजाराचा. म्हणून यानं हौसेनं एडिटरमध्येही सातही वारांना बाजारांची नावं देऊन ठेवली होती. एडिटर बिचारं वार शोधायचं, 'रामपायली' दिसलं की बावचळायचं आणि अख्खी नोंदच सोडून द्यायचं.

"मंग बाजार काढा न् वार टाका," गीता म्हणाली. "दोन मिनिटाचं काम."

"असं कसं? उद्या आनखी कोनी आपल्या गावचे बाजार टाकले तं? एडिटरलेच शिकवा लागन."

आणि बसला शिकवत. तारीख आणि वेळ यांच्यामध्ये कुठलंही नाव येवो, नोंद मानायची. हे जमेपर्यंत दारात मोटरसायकल थांबली.

हिरालालजी पाणी प्यायले आणि थेट खुर्चीवर बसले. "दाखवा, जवाईबापू."

चंद्रशेखरनं बटण दाबलं. रकाने भराभर भरले. पगाराचे तास बऱ्यापैकी होते. त्याखाली फुकटचे आले. ते त्याहून जास्त होते, थोडेच, पण जास्त. चंद्रशेखरचा चेहरा पांढराफटक पडला. गेला जीव मिलमध्ये!

"हे फुकटचं एवढं काहून?" हिरालालजींनी विचारलं.

"आजची सकाळ जमा झाली ना, मामाजी. वेळ मोजायची सोय बिघडली होती. थेच दुरुस्त करत होतो."

"आन दुरुस्त नसती केली तं?"

"तं काही दिसलंच नसतं. दोन्हीकडं शून्य."

गीतानं ओठ दाबून धरले. चंद्रशेखरनं मान खाली घातली. "हारलो, मामाजी. केव्हापासून येऊ?"

हिरालालजी ताडकन उठले.

"येऊ नका! जो मानूस सकाळपासून घाम गाळून, थेबी फुकटात, आपल्याच खिलाफचा हिशोब दुरुस्त करते, त्याले गादीवर बसवलं तं दिवाळीच्या आत माह्या मिलले कुलूप लागन!"