उजवी पाकळी

सगुणबाबांच्या हृदयाचं ऑपरेशन रोबोटने होणार म्हटल्यावर त्यांची बायको कमलाक्षी तडक पेडण्याला, गावच्या देवळात गेली आणि तिने देवाला प्रसाद लावला. मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रोबोटला होकार मिळाला, पण फक्त बुधवारसाठी.

"आई, हे डॉक्टरांसमोर काढू नकोस हं. हसतील ते," मुलगा साईशने गाडीत तीनदा बजावलं.

डॉक्टर परदेशात शिकून आलेले. "या यंत्राचा हात केसभरही हलत नाही," ते समजावत होते. "मी कोपऱ्यात बसून चालवतो. सगळं मोजूनमापून, नशिबावर काहीच सोडत नाही. गुरुवारी सकाळी करू."

"गुरुवार नाका, डॉक्टर!" कमलाक्षीच्या तोंडून निघूनच गेलं. "देवान बुधवाराक उजवी पाकळी दिल्यान."

साईशने कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

 

"पंचाईत झाली, काकी. डिचोलीच्या आमच्या देवानं बुधवारला डावी दिलीय."