अण्णांचा गड्या

जोतीरामअण्णा अडलेल्या बैलाला गड्या म्हणत, रुसलेल्या व्याह्यालाही, आणि लाडात आले की प्राध्यापक लेकीला, दीपमालालाही. त्या दुपारी कवठे महांकाळहून हुरडा घेऊन ते तिच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात आले आणि स्टाफरूमच्या दारातूनच ओरडले, "काय गड्या, जेवलीस का?"

शेजारी बसलेल्या सुरय्याताईंनी हसू दाबत दीपमालाला विचारलं, "कोण गं हे?"

दीपमाला पुटपुटली, "गावाकडचे ओळखीचे."

अण्णांनी ऐकलं. पिशवी टेबलावर ठेवत लेकीला म्हणाले, "व्हय, वळखीचाच हाय मी. येतो मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर दीपमाला कामावर आली. सुरय्याताईंनी तिचा हात धरला. "वडलांचं कळलं गं. शेवटची भेट तरी झाली का?"

"झाली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्यासमोरच. ते माझे अण्णा होते."